चार खोल्या आणि एक फिल्टर

मी पाण्याचा फिल्टर बोलतोय. हो, दारातल्या टेबलावरचाच. माझा फोटो काढून झाला असेल तर दोन मिनिटं ऐका.

कारखान्यात माझे स्टीलचे दोन डबे एकावर एक बसले, वरच्यात गाळणीच्या कांड्या लागल्या आणि वहिनींनी मला घरी आणलं. नवऱ्यामागे त्यांनी घराच्या चार खोल्या पर्यटकांसाठी उघडल्या होत्या. घरामागचा ओढा रिकाम्या बाटल्यांनी तुंबलेला, म्हणून सीलबंद पाणी ठेवायचं नाही, हा त्यांचा हट्ट. रोज सकाळी त्या माझ्या कांड्या घासायच्या, पाणी भरायच्या आणि पाहुण्यांसमोर पहिला पेला स्वतः प्यायच्या. मग पाहुणेही प्यायचे. माझी छाती फुगायची.

पुढे एका पाहुण्याचं पोट बिघडलं. पठ्ठ्याने बाजारात काय काय हादडलं होतं, पण खापर फुटलं माझ्या डोक्यावर.

"वहिनी, लोक यायचे बंद होतील. काढा हा डबा," दीर म्हणाले.

"भाऊजी, सहा वर्षं तुम्हीही हेच पिताय. काय झालंय तुम्हाला?"

भाऊजींनी माझ्यातूनच पेला भरून घेतला.

पण खोल्या खरंच ओस पडल्या. म्हणून वहिनींनी पर्यावरणस्नेही निवासाच्या प्रमाणपत्रासाठी अर्ज केला. ते मिळालं तर सहलवाले पाहुणे पाठवणार. नाहीतर खोल्यांना कुलूप लावून लेकीकडे जायचं. तपासणीचे साहेब आले. त्यांनी माझं तोंडभरून कौतुक केलं, मग यादी उघडली.

"प्रत्येक खोलीत रोज दोन सीलबंद बाटल्या हव्यात."

"अहो, त्या नकोत म्हणून तर हा फिल्टर."

"मला पटतंय हो बाई. पण सुरक्षिततेचा रकाना रिकामा ठेवता येत नाही." एवढं बोलून साहेबांनी पिशवीतली स्वतःची बाटली काढली आणि ते घटाघटा पाणी प्यायले.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. वहिनींनी यादी पुन्हा वाचली आणि बाटल्यांच्या अटीखाली सही केली.

प्रमाणपत्र मिळालं. माहितीपत्रकाच्या पहिल्या पानावर मी आहे. खोल्या भरल्यात, ओढाही भरलाय. मला रोज लखलखीत पुसतात, पाणी मात्र कुणी भरत नाही. वहिनींवर मी चिडलोय, आणि त्यांच्यावर चिडणंही जमत नाही.

आत गेलात की त्यांच्याकडे फिल्टरचं पाणी मागा. एवढंच करा माझ्यासाठी. माझ्या गळ्यातली पाटी वाचून मागे फिरू नका. 'फक्त पाहण्यासाठी' असं लिहिलंय. अक्षर वहिनींचं आहे, आणि ते लिहिताना त्यांनी तीन कागद फाडले.