आत्याच्या गच्चीवरचा सांडा

मी एक म्हातारा सांडा आहे, मित्रांनो. पालीसारखं तोंड, बसकं अंग आणि शेपटीवर काट्यांच्या रांगाच रांगा, असा माझा थाट. कुवेतच्या वाळवंटात माझं बीळ आहे. कुणी म्हणतं मी कुरूप आहे. म्हणोत बापडे. आरसा मी कधी पाहिला नाही, पण काच खूप वर्षं पाहिली, आणि तेवढ्यानं माझी हौस फिटली.

आधी घराचं सांगतो. आम्ही सांडे जरा विसरभोळे. बिळातून बाहेर पडलो की परतीची वाट विसरतो, म्हणून बीळ खोदतो ते एखाद्या मोठ्या दगडाजवळ नाही तर झुडपाजवळ. यात लाज कसली? तुम्हीही कोपऱ्यावरचं दुकान बघूनच गल्लीत वळता ना? माझ्या तरुणपणी माझं बीळ एका पांढऱ्या खडकाशेजारी होतं. सकाळी खडकावर अंग शेकायचं, मग चरायचं, ऊन फारच चढलं की आत जायचं. मी फार सुखात होतो.

एका वसंतात जहरा गावचा मुतलक नावाचा तरुण मित्रांबरोबर तंबू ठोकायला आला. त्यांनी माझ्या बिळात पाणी ओतलं. मी आयुष्यात पाण्याला फारसं तोंड लावत नाही, मला पानातला ओलावा पुरतो. नाकातोंडात पाणी गेलं आणि मी ठसकत बाहेर आलो. मित्र म्हणाले, निखाऱ्यावर भाजू या. मुतलक म्हणाला, "हात लावायचा नाही. याला मी पाळणार." त्या दिवशी त्यानं माझा जीव वाचवला, हे मी कधीच नाकारणार नाही.

त्याच्या घरी पुरुषांची बैठक होती. लोडतक्के, कॉफीची किटली आणि रोज संध्याकाळी जमणारी मंडळी. तिथं कोपऱ्यात काचेच्या पेटीत मला ठेवलं. सुरुवातीला माझं काय कौतुक झालं! पाहुणे वाकून बघायचे, लहान मुलं काचेवर टकटक करायची, खजूर काय, बिस्किटं काय. मीही ऐटीत मान वर करून बसायचो.

आणि मुतलकनं मला त्याच्या मते सगळ्यात मोठं सुख दिलं. आमच्याकडे उन्हाळ्यात माणूस अक्षरशः भाजून निघतो. गार हवा म्हणजे तिथं स्वर्ग. म्हणून त्यानं माझी पेटी थेट एसीच्या झोताखाली ठेवली. तो मनापासून प्रेम करत होता हो! पण माझं पोट उन्हावर चालतं. ऊन नाही तर खाल्लेलं पचत नाही, नुसतं पडून राहतं. माझा पिवळा रंग गेला, मी काळवंडलो. नखं वाढून वाकडी झाली, काचेवर घासून घासून नाक सोललं. पुढं कौतुकही ओसरलं. पेटीच्या झाकणावर आधी कागदी रुमालांचा डबा आला, मग फोनचे चार्जर.

दर गुरुवारी मुतलक पाहुण्यांना आपल्या आजोबांची गोष्ट सांगायचा. एकदा एक अनोळखी माणूस धापा टाकत आला आणि त्यानं आजोबांच्या तंबूचा खांब धरला. पाठलाग करणारा आजोबांचा सख्खा भाऊ. आजोबांनी त्या माणसाला नावसुद्धा विचारलं नाही. आधी कॉफी दिली आणि भावाला सांगितलं, "हा माझा दखील. माझ्या आश्रयाला आलाय. आधी मला ओलांड." एवढं सांगून मुतलकची छाती फुगायची. मी हे सगळं त्याच्या कोपरापाशी, गारठून पडल्या पडल्या ऐकायचो. मला ती गोष्ट तोंडपाठ झाली होती.

एका उन्हाळ्यात त्याची आत्या, मौदी, आपली किटली परत न्यायला बैठकीत आली. शेजारच्याच घरात ती एकटी राहायची. शाळेत शिकवून निवृत्त झालेली बाई, गुडघे दुखरे, जीभ तिखट.

"मुतलक, हे मेलंय का रे?"

"नाही गं आत्या, झोपलाय. बाहेर ऊन बघ कसलं, आणि हा इथं राजासारखा थंड हवेत."

"राजा तू. हा सांडा आहे." तिनं चार्जर बाजूला सारून झाकण उघडलं आणि माझ्या पोटाखाली हात घातला. "अरे, बर्फ झालाय हा!"

"मग शाल पांघरू का याच्यावर?"

"आधी स्वतःच्या अकलेवर पांघर, ती जास्त गारठलीय."

तिनं मला पदरात घ्यावं तसं अंगावरच्या घोळदार अबायात गुंडाळलं आणि निघाली. मागून मुतलक म्हणाला, "बरा झाला की परत दे हं!" तोवर ती उंबरा ओलांडून गेली होती.

जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी माझी नखं कापली, जबडा दाबून पाहिला. हाडं मऊ पडली होती. त्या म्हणाल्या, "औषध देते, पण खरं काम उन्हाचं. जगेल की नाही, आत्ता नाही सांगता येणार." मौदीआत्यानं मान डोलावली आणि घरी येऊन जिना चढायला लागली. एका हातात मी, दुसरा हात गुडघ्यावर.

गच्चीवर तिनं एक चपटा काळा दगड मांडला. अर्ध्या भागावर जुनी सतरंजी बांधून सावली केली, कारण तिथली दुपार सांड्यालाही सोसत नाही. सकाळी ती मला दगडावर ठेवायची. कोमट पाण्याच्या ताटात बसवून बोटांवर अडकलेली जुनी कात दात घासायच्या ब्रशनं हळूहळू सोडवायची. एकदा दुखलं, तेव्हा मी शेपटीचा असा फटका दिला की तिच्या मनगटावर वळ उठला. ती म्हणाली, "शाब्बास! राग शिल्लक आहे म्हणजे जीवही शिल्लक आहे."

खाणं मात्र जात नव्हतं. ती कोवळी पानं चिरायची, भिजवलेली मसूर वाटून माझ्या ओठांना लावायची. मी तोंड फिरवायचो. तिलाही वाटलं असावं की हा काही वाचत नाही, कारण एका सकाळी ती माझ्याशेजारी बसून नुसती माझ्याकडे बघत राहिली. त्या दिवशी दगड छान तापला होता. पोटाला ऊब लागली, काहीतरी आठवल्यासारखं झालं आणि मी पान तोडून खाल्लं. पुढं मी शी केली. हसू नका मित्रांनो! त्या शीची बातमी आत्यानं साऱ्या नातेवाइकांना फोन करून दिली.

मग तिनं पाण्याची जुनी टाकी ओलसर वाळूनं भरली. पण खोदणं मी विसरून गेलो होतो. नुसता वाळूवर बसून राहायचो. तिनं स्वतः हात घालून बोगद्याची सुरुवात करून दिली, रोज थोडी थोडी. एक दिवस माझे पुढचे पाय आपोआप चालायला लागले. मी आत गेलो, वळलो, तोंडभर वाळू घेऊन बाहेर आलो. माझ्या स्वतःच्या बिळातून! त्या दिवसाइतका आनंद मला आयुष्यात कधी झाला नाही.

उन्हाळा सरेपर्यंत मी पुन्हा पिवळाधमक झालो. ही गोष्ट मुतलकच्या कानावर गेलीच. दोन मित्रांना घेऊन तो गच्चीवर आला. हातात पोतं.

"आत्या, नवीन पेटी आणलीय, ही मोठी! गुरुवारी पाहुणे यायचेत. नेतो याला."

"तो कुठंही जात नाही. थंडी इथं काढेल आणि वसंतात वाळवंटात जाईल."

"असं कसं? पकडला मी, वाढवला मी. माझा आहे तो."

"वाढवलास? झाकणावर चार्जर ठेवून?"

मित्र खिदळले. मुतलकचे कान लाल झाले. तो पोतं उघडून माझ्याकडे आला आणि मला ती काच आठवली. तो गारठा आठवला. मी दगडावरून उडी टाकली, जीव खाऊन पळालो आणि सरळ मौदीआत्याच्या अबायाच्या घेराखाली शिरलो. लोक म्हणतात, सांड्यानं विचार करून केलं. खरं सांगायचं तर मला जवळात जवळची सावली तीच दिसली. पण लोक म्हणतात तर मी कशाला नाही म्हणू?

आत्या जागची हलली नाही.

"मुतलक," ती म्हणाली, "आजोबांची ती गोष्ट सांग बरं जरा."

त्यानं पोत्याचं तोंड मुरगाळलं.

"सांग की," एक मित्र म्हणाला, "दर गुरुवारी तर सांगतोस."

"आत्या, तो माणूस होता. हा सांडा आहे."

"असेल. पण आजोबांनी त्याला विचारलं होतं का, तू कोण म्हणून? नावसुद्धा विचारलं नाही, हे तूच सांगतोस ना? मग हा माझा दखील. न्यायचा असेल तर आधी मला ओलांड."

मुतलकनं तिच्या पायाकडे पाहिलं. अबायाखालून माझी शेपटी बाहेर दिसत असावी. मग त्यानं पोत्याची घडी केली आणि खाली गेला. मित्रही न हसता त्याच्या मागून गेले.

थंडीभर मी टाकीतल्या बिळात झोपलो. वसंतात जाग आली तेव्हा जायची तयारी झालेली होती. आत्या मला पेटाऱ्यात घेऊन गाडीत बसली, गाडी मुतलकचीच. पण मुतलकच कुठं दिसेना. थोड्या वेळानं आला तो घामाघूम, शर्ट मळलेला, पोटाशी माझा काळा दगड धरून.

"अरे, वाळवंटात दगडांचा दुष्काळ पडलाय का?"

"घर विसरतो ना गं तो," मुतलक धापा टाकत म्हणाला. "हा दगड त्याच्या ओळखीचा आहे."

आत्यानं तोंड खिडकीकडे फिरवलं आणि डोळे पुसले.

तोच दगड आज माझ्या दाराशी आहे, मित्रांनो, आणि त्यावर बसूनच मी हे सांगतो आहे. तुम्हाला एखादा जीव पाळावासा वाटला, तर आधी त्याला काय लागतं ते विचारा, शिकून घ्या. तुम्हाला जे आवडतं ते त्याच्यावर लादू नका. तेवढं जमणार नसेल तर त्याला त्याच्या बिळातच राहू द्या. आणि कुणाच्या घरात कोपऱ्यात एखादा काळवंडलेला, विसरलेला जीव दिसला, तर झाकण उघडून त्याच्या पोटाखाली हात घालून बघा.

तंबूंचे दिवस आले की मुतलक अजूनही येतो. गाडी लांब थांबवतो, जवळ येत नाही. नवे मित्र पाण्याचे डबे उचलून माझ्या बिळाकडे निघाले की त्याचा आवाज मला स्पष्ट ऐकू येतो.

"त्या काळ्या दगडाकडे नाही जायचं. तिथं माझ्या आत्याचा दखील राहतो."