खंजिरावरची तीन पानं

तेलाच्या डबीचं झाकण फरशीवर पडलं आणि भिंगरीसारखं खणखणत फिरत राहिलं. मी धावत जाऊन त्यावर पाय ठेवला. दुपारी माझी लेक, पिटुकली, झोपली की मी आणि बाबा कुजबुजतच बोलतो.

"उठली का?" बाबांनी विचारलं.

"नाही. पण तुम्ही उठवणार तिला."

"मी कुठे? झाकणाला सांग." हात पुसत ते आरामखुर्चीत टेकले. "खंजीर झाला बघ. पातं काय निघालंय!"

मी बघितलं. पातं आरशासारखं लखलखत होतं.

जुनं पातं चमकवायचं नसतं, हे मला बाबांनीच शिकवलं. तेलात भिजवायचं, पितळी पट्टीने गंजाचे पापुद्रे अलगद सोडवायचे आणि चामडं गुंडाळलेल्या काठीने पुसत राहायचं. गंजाने खाल्लेले बारीक खड्डे तसेच राहू द्यायचे, कारण ते सपाट करायला गेलं तर भोवतीचं पोलादही जातं. पॉलिशपेपर गुंडाळलेली दुसरी काठी फक्त शेजारपाजारच्या भाजी चिरायच्या सुऱ्यांसाठी. दोन्ही काठ्या एकाच मापाच्या. बाबा न बघता, नुसत्या बोटांनी ओळखायचे.

आज चामड्याची काठी खुंटीवरच होती. मेजावर पॉलिशपेपरची होती.

मुठीजवळ घडवणाऱ्याची खूण होती, तांदळाच्या दाण्याएवढी तीन पानं. मी बोट फिरवलं. गुळगुळीत. संग्रहालयाने खंजीर पाठवला तोच त्या तीन पानांसाठी. त्या कारागिराचं दुसरं पातं त्यांच्याकडे नाही.

गेल्या महिन्यात बाबांनी उकळत्या चहाचा पेला हातात तसाच धरून ठेवला होता. मी ओरडले तेव्हा म्हणाले, "विचारात होतो गं." मीही लगेच विश्वास ठेवला. ठेवायचाच होता.

पावणेचार झाले होते. चारला संग्रहालयाच्या बाई येणार. बाबांना सांगावं तर ते उद्यापासून कामाच्या खोलीत पाऊल टाकणार नाहीत, मी ओळखते त्यांना. तिथे बसले नाहीत तर ते दिवसभर करणार काय? बाबा डोळे मिटून स्वतःशीच हसत होते.

दारावरची घंटा वाजली तशी पिटुकली उठून रडायला लागली. तिला कडेवर घेऊनच मी दार उघडलं.

बाईंनी खंजीर खिडकीशी नेला. भिंग काढलं. पातं दोन्ही बाजूंनी उलटून पाहिलं.

"काका, खूण कुठाय?"

"आहे की! मुठीपासून बोटभर खाली." बाबा उठले, त्यांनी पात्यावरून अंगठा फिरवला. मग पुन्हा फिरवला. चष्मा लावून वाकून पाहिलं. त्यांचा चेहरा उतरू लागला आणि मला ते बघवेना.

"माझ्याकडून झालं," मी म्हणाले. "काल तुम्ही झोपल्यावर मीच पॉलिशपेपर मारला."

"पॉलिशपेपर? जुन्या पात्याला?" बाबांचा आवाज चढला. "चार वर्षं माझ्याजवळ बसून हेच शिकलीस? अगं, आंधळ्यालासुद्धा कळतं, हाताला लागतं ते!"

"चुकलं, बाबा."

"चुकलं काय चुकलं! यापुढे माझ्या हत्यारांना हात लावायचा नाहीस तू." मग बाईंकडे वळून, हात जोडून, "पोरीची चूक पदरात घ्या. पुढचं पातं मी स्वतः करेन. एकटा."

बाईंनी मान हलवली. "तुम्ही स्वतः करणार असाल तर अजून तीन पाती आहेत. उद्या पाठवते," त्या म्हणाल्या.

तीन पाती, आणि बाबा एकटे. पिटुकलीने रडणं थांबवलं होतं. माझ्या खांद्यावरची मान उचलून ती आजोबांकडे टकामका बघत होती.

"आई," ती म्हणाली, चांगली खणखणीत, "सकाळी तर आजोबाच घासत होते. मग ते तुला का रागावतायत?"