कच्च्या कागदावरचे वजन

बुटीबोरीच्या एका औषध कारखान्यात, तपासणीच्या खोलीतल्या काळ्या दगडी ओट्यावर मी सोळा वर्षांपासून बसून आहे. मित्रांनो, मी एक जुना वजनकाटा आहे. दुकानातल्या काट्यासारखे मी गहू-तांदूळ मोजत नाही. माझ्याभोवती काच आहे. तुमच्या डोक्यावरचा एक केस ठेवला तरी मी त्याचे वजन सांगतो. जवळ कोणी जोरात श्वास सोडला तर माझे आकडे हलतात.

नवा होतो तेव्हा मला पाहायला माणसे येत. आता माझी एक काच सरकताना अडते. वजन छापून देणारे यंत्र शेजारी होते, ते बिघडले आणि तसेच राहिले. तेव्हापासून मी आकडा दाखवतो आणि माणसे तो वहीत लिहितात. रोज सकाळी माझ्यावर ठरलेले वजन ठेवून माझी परीक्षा घेतात. सोळा वर्षे रोज परीक्षा दिली, मित्रांनो. थकायला होते.

माझ्याकडे शिकाऊ मुले येतात. विज्ञानाच्या पदवीसाठी त्यांना आठवड्याचे पाच दिवस कारखान्यात काम करावे लागते आणि शनिवारी कॉलेजात बसावे लागते. या वर्षी नरखेड तालुक्यातल्या एका खेड्याची सोनिका आली. ती बेसा गावात खोली करून राहते. शाळेत तिला सुंदर अक्षराचे बक्षीस मिळाले होते. तिच्या वहीत खाडाखोड नसे. आमच्या खोलीच्या प्रमुख कामिनी मॅडम ती वही सगळ्यांना दाखवत.

ती वही इतकी स्वच्छ कशी राहते, हे फक्त मला माहीत होते. सोनिका आकडा आधी चिठ्ठीवर लिहायची, मग वहीत सुबक उतरवायची. शाळेत कच्ची वही आणि पक्की वही असते ना, तसे. पण औषधाच्या कामात कच्चे काही नसते. डोळ्यांना दिसले ते तिथेच, लगेच वहीत लिहायचे, हा पहिल्या दिवशी शिकवलेला नियम. मला बोलता आले असते तर मी तिला टोकले असते.

एका सोमवारी तिने लहान मुलांच्या तापाच्या औषधाची भुकटी मोजली. मी ०.१०२५ ग्रॅम दाखवले. चिठ्ठीवर तिने बरोबर लिहिले. वहीत उतरवताना ०.१०५२ झाले. त्या वजनावर हिशेब केला तर भुकटीत औषध कमी निघाले. भुकटीची पिंपे अडकून पडली, काम थांबले. मग दुसऱ्या काट्यावर पुन्हा मोजले, तर भुकटी चांगली ठरली. म्हणजे दोष माझा, असे ठरले. त्या सकाळची परीक्षा मी पास झालो होतो, ती कोणी धरली नाही.

"म्हातारा झाला हा," कामिनी मॅडम म्हणाल्या. "किती दिवस ओढायचं याला?"

माझ्यावर लाल पट्टी चिकटली : वापरू नका. भंगाराच्या यादीत माझे नाव गेले. जाण्याचे मला दुःख नव्हते. खोटा ठरून जायचे नव्हते, एवढेच.

शुक्रवारी दुपारी कवडूभाऊ आले. खोली पुसणे आणि सगळ्यांचे कोट धुवायला पाठवणे हे त्यांचे काम. सोनिका एकटीच होती. त्यांनी तिच्यापुढे चिठ्ठी धरली.

"पोरी, हे तुह्या कोटाच्या खिशात भेटलं."

"फेकून द्या ना काका."

"फेकलं असतं वं. पहिले मले वाचता येत नव्हतं, तवा सगळा कागद कचराच होता. आता वाचता येते, हीच पंचाईत. सोमवारची तारीख हाय याच्यावर."

सोनिकाने वही उघडली. चिठ्ठी पाहिली, वही पाहिली. शेवटचे दोन आकडे उलटे पडले होते.

"मॅडम मले काढून टाकतील, काका. डिग्री अर्धीच राहीन."

"अन् याले भंगारात टाकून राहिले, ते? बोलत नाही म्हणून?"

"तुम्ही सांगणार का?"

"मी काहून सांगू? अक्षर तुहं हाय." चिठ्ठी माझ्या शेजारी ठेवून ते बादली घेऊन गेले.

ती माझ्या लाल पट्टीकडे वळली. मग चिठ्ठी घेऊन गेली आणि कामिनी मॅडमना घेऊनच परत आली.

"चिठ्ठी काहून केली?" मॅडमनी विचारले.

"पान खराब होईल म्हणून, मॅडम."

"अवं, खराब पान चालते. खोटं पान नाही चालत." मॅडमचा आवाजही थकलेला होता. "काढ रेघ."

सोनिकाने चुकीच्या आकड्यावर एकच आडवी रेघ ओढली. वर खरा आकडा, बाजूला कारण, सही, तारीख. तिचे शिकणे तीन महिन्यांनी वाढले. महिनाभर तिला वजन करायची मनाई झाली. पण तिला काढले नाही. माझी पट्टीही निघाली.

काल ती पुन्हा माझ्यापुढे बसली. या वेळी वही उघडी होती, चिठ्ठी नव्हती. एक आकडा चुकला, तिने रेघ ओढली आणि पुढे लिहू लागली.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या यंत्राची काच हळू सरकवा, सांडलेली भुकटी पुसा. आणि आम्ही दाखवतो ते तिथल्या तिथे लिहा. चुकले तर एकच रेघ ओढा, रेघेखालचा आकडा वाचता आला पाहिजे.

त्या पट्टीचा डिंक अजून माझ्या अंगावर आहे. कवडूभाऊ रोज ओल्या फडक्याने घासतात, पण सगळा निघत नाही. राहिला तर राहू द्या.