विरलेला कपडा

आमच्या शहरात दातांचे दवाखाने गल्लोगल्ली आहेत. हाडांचे डॉक्टर तर इतके, की पडणाऱ्यांपेक्षा जोडणारेच जास्त. टकलावर केस लावून देणारंही एक दुकान मध्यंतरी निघालं. काचेचं दार, आत थंडगार हवा. मनाचा डॉक्टर मात्र औषधालासुद्धा नाही. इथल्या लोकांना मन नसावं, असा वरच्यांचा अंदाज असेल.

आमच्या घरात ते होतं, आणि ते बिघडलं.

आमची लॉन्ड्री आहे. वडील गेल्यापासून काउंटरवर आई, धुलाईला मी आणि इस्त्रीला माझा थोरला भाऊ, दादा. त्याच्या हातची घडी मोडून शर्ट अंगात घालायला लोकांच्या जिवावर यायचं. असा माणूस एक दिवस इस्त्री बाजूला ठेवून म्हणाला, "हा शर्ट परत देऊन टाक. मघापासून शिव्या देतोय मला." मी हसले. ज्याचा शर्ट होता तो शिवराळच होता, मला वाटलं दादा चेष्टा करतोय. पण मग चादरी बोलायला लागल्या, पडदे बोलायला लागले, शाळेचे गणवेश बोलायला लागले. गणवेशांचं तो फार मनाला लावून घ्यायचा. आत पोरं अडकलीयत, म्हणायचा. त्याची झोप उडाली, जेवण तुटलं. अंगाला पाणी लावू देईना, दाढी वाढली, आणि लॉन्ड्रीवाल्याच्या अंगावरचे कपडे बघून गिऱ्हाइकं पुढच्या दुकानात जायला लागली.

मोठ्या शहरात एका डॉक्टरांकडे नेऊन आणलं. त्यांच्या गोळ्या लागू पडल्या, तेच वाईट झालं. तो बरा होऊ शकतो हे आम्हाला कळलं, आणि ते आम्हाला परवडत नाही हेही कळलं. तपासणी, जाणं-येणं, दर महिन्याची औषधं. आई आधी गोळी अर्धी करून द्यायला लागली, मग एक दिवसाआड, मग डबीच रिकामी झाली. नातेवाइकांनी मात्र सल्ल्यांत हात आखडता घेतला नाही. मामा म्हणाला, लग्न करून द्या, सुतासारखा सरळ होईल. दादाला बायको नको होती, झोप हवी होती. पण मामाशी कोण डोकं लावणार.

मग सरकारी दवाखान्यातल्या सिस्टरनं रस्ता दाखवला. तिचे गणवेश आमच्याकडेच येतात. तिनं सांगितलं की एक बुधवार सोडून एक बुधवारी बाहेरून मनाचे डॉक्टर येतात आणि लहान मुलांना लस टोचतात त्या खोलीत बसतात. त्यांनी चिठ्ठी दिली तर पेशंटला मोठ्या इस्पितळात ठेवून घेतात. राहणं, जेवण, औषध, सगळं फुकट. "पण खाट खेपेला एखादीच मिळते," सिस्टर म्हणाली. "ज्याचं जास्त बिघडलंय त्याला. त्यांना आहेत तसेच आणा."

आहेत तसेच. यात न कळण्यासारखं काय होतं?

त्या बुधवारी मी हॉटेलच्या चादरी पोचवून घरी आले, तर दादा खुर्चीत बसलेला. अंघोळ झालेली, दाढी गुळगुळीत, केसांना भांग, आणि अंगात वडिलांचा पांढरा शर्ट, बाहीवर रेघ अशी की बोट कापावं. आई त्याच्यासमोर उकिडवी बसून त्याच्या बुटांना पॉलिश करत होती. तिचे डोळे सुजले होते. तिनं रडून रडूनच त्याला पाण्याखाली बसवलं असणार. आई रडली की दादा काहीही करतो.

"हे काय केलंस?" मी विचारलं.

"काय केलं म्हणजे? माणसात आणला त्याला."

"अगं, सिस्टर काय म्हणाल्या होत्या?"

"त्या सुया टोचतात. त्यांना काय कळतंय?" आईनं ब्रश खाली ठेवला. "काउंटरवर मी बसते. विरलेला कपडा आला की मी काय करते, सांग बरं."

काय करते ते मला लहानपणापासून ठाऊक आहे. कपडा उजेडासमोर धरते, मागून हात घालते. बोटं दिसली की घडी करून गिऱ्हाइकाला परत. 'हा धुण्यात टिकायचा नाही, ताई. फाटला तर उद्या आमच्या नावानं शंख कराल.' वडिलांनी घालून दिलेला नियम आहे. फाटायला आलेलं हातात घ्यायचं नाही, कारण शेवटी बोल धुणाऱ्यावर येतो. सगळं शहर आम्हाला चोख म्हणतं ते यामुळेच.

"त्यांचं तर फुकटचं काम," आई म्हणाली. "रोख पैसे मिळत असूनसुद्धा मी विरलेला घेत नाही. ते फुकटात कशाला घेतील? परत केला त्याला तर कुठं नेऊ मी?"

मला तिचा जितका राग आला तितकीच दया आली. पण उशीर झाला होता, आणि काढलेली दाढी काही परत चिकटवता येत नाही. आम्ही निघालो. वाटेभर ती दादाला पढवत होती. झोप लागते म्हणायचं. कपड्यांचं काही काढायचं नाही. दादा मान हलवत होता.

लसीच्या खोलीबाहेर बाकं भरली होती. भिंतीवर गुटगुटीत बाळांची चित्रं, त्याखाली आम्ही. आमच्या मागे एक म्हातारा आपल्या मुलाला घेऊन आला होता. मुलाचे हात ओढणीनं बांधलेले, पायात चप्पल नाही, अंगाला घाण वास, तोंडानं अखंड आरडाओरडा. आईनं त्यांच्याकडे बघितलं आणि हळूच माझ्या कानात म्हणाली, "यांना परत पाठवणार बघ."

डॉक्टर वयानं लहान निघाला. डोळ्यांखाली काळं, टेबलावर निवलेला चहा, आणि दाराबाहेर संध्याकाळपर्यंत न संपणारी माणसं. मी त्याच्यावर चिडायचं ठरवून आले होते, पण तो दिसायलाच दमलेला.

"झोप लागते?"

"हो," दादा म्हणाला.

"कुणी नसताना आवाज ऐकू येतात?"

दादानं आईकडे बघितलं. "नाही."

"काम काय करता?"

"इस्त्री."

डॉक्टरची नजर बाहीवरच्या रेघेवर गेली. पहिल्यांदाच तो जरासा हसला. "दिसतंय."

"खोटं आहे सगळं," मी मध्येच म्हणाले. "हा झोपत नाही. कपडे बोलतात म्हणतो. आज आईनं याला धुऊन, घासून आणलाय. काल बघायला हवा होतात."

डॉक्टर आईकडे वळला. "आई, तुम्ही सांगा."

एवढं एक वाक्य तिनं खरं बोलायला हवं होतं. तिनं दादाच्या खांद्यावर हात ठेवला आणि काउंटरवर चांगलं कापड पुढे सरकवावं तशी म्हणाली, "थोडा हळवा आहे हो. पण चांगला आहे. फार बिघडलेला नाही. सुधारण्यासारखा आहे. ठेवून घ्या त्याला."

बाहेर ओढणीवाला मुलगा दारावर डोकं आपटायला लागला होता. डॉक्टरनं तिकडे बघितलं, मग दादाकडे बघितलं. "यांना घरी राहून जमेल," तो म्हणाला. "गोळ्या लिहून देतो. पुढच्या खेपेला दाखवा." गोळ्यांच्या खिडकीवर कळलं की गोळ्या संपल्या आहेत. आणि खाट ओढणीवाल्याला मिळाली. त्याला गाडीत चढवताना आई फाटकाशी उभी राहून बघत होती. तिचं तोंड उघडं पडलं होतं. तिला हिशेबच लागेना.

त्यानंतरच्या आठवड्यात, भर दुपारी, मला मागच्या मोरीत जळका वास आला. कापड जळल्याचा वास मला कळतो. हा कापडाचा नव्हता. पुढे जाऊन बघते तर दादानं इस्त्रीच्या टेबलावर गणवेश पसरला होता, त्यावर डावा हात पालथा ठेवला होता, आणि उजव्या हातानं इस्त्री त्या हातावरून सावकाश फिरवत होता. तोंडातून हूं की चूं नाही. मी इस्त्री हिसकावली तेव्हा तो मला समजावत म्हणाला, "अगं, पोरांना चटके बसत होते. मध्ये हात घातला, एवढंच."

हात भाजलाय म्हटल्याबरोबर सरकारी दवाखान्यात खाट मिळाली. झोप लागते का, कुणी विचारलं नाही. मलम, पट्टी, सुई, सगळं तिथल्या तिथे. आई मात्र आता सगळ्यांना सांगत सुटली होती. ड्रेसिंगवाल्याला, झाडूवालीला, शेजारच्या खाटेजवळ बसणाऱ्या बाईला. तो आवाज ऐकतो, तो झोपत नाही, मी त्या दिवशी खोटं बोलले. सगळे ऐकून घ्यायचे आणि आपापल्या कामाला लागायचे. ते काम त्यांचं नव्हतंच. बुधवार आला. लसीच्या खोलीला कुलूप. डॉक्टरची दुसरीकडे बदली झाली, म्हणाले. नवा कधी येणार ते कुणाला ठाऊक नव्हतं. आम्हाला रस्ता दाखवणारी सिस्टर माझ्या नजरेला नजर देईना.

मग एका सकाळी वॉर्डच्या डॉक्टरबाईंनी पट्टी सोडून बघितली आणि खूश झाल्या. "छान भरलाय हात. आज घरी न्या. मला खाट लागतेय."

दाराशी पुढचा पेशंट पिशवी घेऊन उभाच होता. आई उठली नाही. खाटेची दांडी तिनं दोन्ही हातांनी धरली. आवाज न चढवता, पण सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल असं ती बोलली. "हाताचं नाही हो. माझ्या मुलाला वेड लागलंय. पार बिघडलाय तो. माझ्याच्यानं होत नाही. ठेवून घ्या."

डॉक्टरबाईंनी मान खाली घातली. त्या वाईट नव्हत्या, त्यांच्या हातात हातच तेवढे होते.

दादा खाटेवरून उतरला. आईच्या समोर उकिडवा बसला आणि चांगल्या हातानं तिची बोटं दांडीवरून एकेक करून सोडवायला लागला.

"रडू नकोस ना," तो म्हणाला. "माझंच चुकलं त्या दिवशी. पुढच्या वेळी मी अजून नीट बोलेन डॉक्टरांशी."