उलटे हातमोजे

“हिल्माबद्दल आणखी काही आहे का, रायली?” विल्याने दारातूनच विचारलं. “अर्ध्या तासात मोजायला घेते तिला.”

“कागदावर लिहिलंय सगळं,” मी म्हटलं.

सगळं लिहिलं नव्हतं.

हिल्मा पाच वर्षांची. हातमोजा हाताला लागला की चटका बसल्यासारखी किंचाळायची. फिनलंडमधल्या आमच्या ताम्पेरेच्या हिवाळ्यात पोराला उघड्या हातांनी बाहेर सोडता येत नाही, त्यामुळे बालवाडीतली सगळी मुलं बर्फात आणि ही एकटी खिडकीशी. दहा महिने मी तिला झोपाळ्यावर झुलवलं, वाटाण्याच्या टबात तिचे हात खेळवले, जड गोधडीत गुंडाळून लोळवलं. तिच्या आईसोबत बसून पाच पायऱ्यांची मोजपट्टी आखली. उणे दोन म्हणजे मोजे बघूनच रडणं, शून्य म्हणजे कुणी घातलेले पाच मिनिटं ठेवणं, आणि अधिक दोन म्हणजे स्वतः घालून अर्धा तास बाहेर खेळणं.

पण आमच्या उपचार केंद्रात रीत अशी, की जिने शिकवलं तिने मोजायचं नाही. स्वतःच्या हाताने गुण दिले तर ते वाढणारच. एकतीस वर्षं मला हे पटत आलं. यंदा मोजणारी विल्या होती, म्हणून पटेना.

विल्या सत्तावीस वर्षांची. मुलं पहिल्याच दिवशी तिच्या मांडीवर चढतात, आया माझ्याशी बोलताना मान वळवून तिला शोधतात. जळते मी तिच्यावर, कबूल करते. परवा हिल्मानेही तिला स्वतःहून मिठी मारली, तेव्हापासून तर माझ्या पोटात दुखतच होतं. राबायचं मी, आणि शेवटच्या दिवशी ही आयत्या बिळावर नागोबा!

म्हणून मी एक रकाना कोरा ठेवला. हिल्माला लोकर नाही, आतली शिवण टोचते. ऑक्टोबरात मला ते कळलं आणि तेव्हापासून आम्ही मोजे उलटे करूनच घालायचो. विल्या सुलटे देणार, पोर किंचाळणार, मग कळेल सगळ्यांना तिला कोण ओळखतं ते. हिल्मा पुन्हा खिडकीशी बसेल, हेही मला माहीत होतं.

कोट काढायच्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं. मी कॉफीचा कप घेऊन बाहेर उभी राहिले.

“हे घे गं तुझे मोजे,” विल्या म्हणाली.

हिल्माने हात पाठीमागे लपवले. तोंड वाकडं झालं. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं.

मग ती जमिनीवर बसली. जीभ बाहेर काढून एकेक मोजा उलटा केला आणि ओढून घातला.

“उलटे का गं?”

“असेच घालायचे असतात. तुझे दाखव बघू. बघ, तुझेपण चावरे आहेत! थांब, मी करून देते.”

तिने विल्याचे मोजे उलटे केले, तिच्या हातांत चढवले आणि एकेक बोट दाबलं. अंगठा आधी, करंगळी शेवटी. मी तिचं दाबायचे तसंच.

अर्ध्या तासाने विल्या लाल नाकाने आत आली. “अधिक दोन! रायली, ते उलटं करायचं तू लिहायला विसरलीस ना? बरंच झालं. मी काही सांगितलंच नाही, सगळं तिचं तिनेच केलं.”

“विसरले,” मी म्हटलं.

अधिक दोन म्हणजे काम संपलं. सोमवारपासून हिल्मा येणार नव्हती. आईचा हात धरून ती फाटकाबाहेर गेली. मोज्यांच्या शिवणी बाहेर दिसत होत्या. माझ्या खिडकीकडे तिने पाहिलं नाही.

संध्याकाळी मी कपडे वाळवायचं कपाट बंद करायला गेले. विल्याचे मोजे आत टांगलेले होते, अजून उलटेच. सुलटे करायला मी हात पुढे केला. मग ते तसेच ठेवले आणि दार लावून घेतलं.