नाव आधी कुणाचं

धाकटीचं साप्ताहिक चार पानांचं, शिंप्याच्या दुकानावरच्या खोलीतून निघायचं. थोरली बहीण त्याला 'पत्रक' म्हणायची. ती स्वतः शहरातल्या सर्वांत मोठ्या दैनिकात उपसंपादक, तेही वीस वर्षं. पण त्या सोमवारी बसथांब्यावर माणसं एकमेकांच्या खांद्यावरून डोकावून ते पत्रक वाचताना दिसली आणि तिचा जळफळाट झाला.

बातमी पाण्याची होती. मंत्र्याच्या तोंडी हुकमावरून धरणाचं पाणी रोज सहा तास एका कारखान्याकडे वळवलं जायचं, आणि तेवढा वेळ शहराचे नळ कोरडे. धाकटीने पंपघराच्या नोंदवहीची पानंच छापली होती.

थोरलीला त्यातली ओळ न् ओळ ठाऊक होती. तीन वर्षांपूर्वी पंपचालक आधी तिच्याकडेच आला होता. तिने त्या नोंदी आपल्या वहीत उतरवून घेतल्या, खाली त्याची सही आणि तारीख घेतली, बातमी लिहिली. संपादक चष्मा पुसत म्हणाले, "कारखान्याचे मालक आपल्या पेपरात भागीदार आहेत, ठाऊक आहे ना?" तिने मुकाट्याने बातमी मागे घेतली. पंपचालक बरेच दिवस फोन करत राहिला, मग थांबला.

"माझ्या ताटातलं उचललं तिने," ती नवऱ्याला म्हणाली.

"तू तर ते झाकून ठेवलं होतंस," तो म्हणाला. दोन दिवस तिने त्याच्याशी अबोला धरला.

आठवड्याभरात कारखाना कोर्टात गेला. पानं बनावट आहेत, गेल्याच महिन्यात लिहिलीत, असा त्यांचा दावा. मूळ नोंदवही पंपघरातून गायब झाली, पंपचालक निलंबित. दैनिकाने धाकटीला पहिल्या पानावर खोटं पाडलं. मथळा थोरलीनेच दिला, आणि देताना आपल्याला बरं वाटतंय हे तिचं तिलाच कळलं.

संध्याकाळी ती जिना चढून धाकटीकडे गेली. बहिणीचं पडलेलं तोंड पाहायचं होतं, दुसरं काही नाही. आत पंपचालक अंकांना पत्ते चिकटवत बसला होता.

"बाई, तुमची ती सहीची वही आहे ना अजून?" त्याने विचारलं.

थोरलीने धाकटीकडे पाहिलं. "तुला ठाऊक होतं?"

"होतं."

"मग मागितली का नाहीस?"

"तुझी नोकरी गेली असती, ताई."

ही दया तिला लोकांनी केलेल्या धाकटीच्या कौतुकापेक्षा जास्त झोंबली. म्हणजे आता हिने आपल्याला सांभाळून घ्यायचं!

"वही देते. पण बातमीवर नाव माझं, आणि तुझ्या वर."

"अगं, वेडी आहेस का? उद्या काढतील तुला!"

"काढू देत. शोधून मी काढायचं आणि मिरवायचं तू? आधी नाव लिही."

पुढच्या सोमवारी बातमी आली. मंगळवारी थोरलीची नोकरी गेली. कोर्टात तीन वर्षांपूर्वीच्या सही-तारखेची ती वही पुढे आल्यावर कारखान्याच्या वकिलाची बोबडी वळली आणि महिन्याभरात पाणी दिवसभर येऊ लागलं.

शेजारीण भरली कळशी कडेवर घेऊन दारात उभी राहिली. "तुमच्या धाकटीने कमाल केली हो! भाग्यवान आहात."

थोरली कसनुसं हसली. तिने धाडकन दार ओढून घेतलं, तडक शिंप्याच्या दुकानावरची खोली गाठली आणि धाकटी पुढच्या बातमीसाठी चाळत असलेली मंत्र्याच्या जमिनींची फाईल तिच्या हातातून जवळजवळ हिसकावून घेतली.