पायलीभर राळे

मोर्चा लालबागच्या नाक्यावर वळला आणि अंबिकेच्या चोळीतून राळे गळायला लागले.

तिच्या ते लक्षात यायला जरा वेळ लागला, कारण ती ओरडण्यात दंग होती. मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे, हे तिने चिंचपोकळीपासून इतक्या वेळा बजावलं होतं की आवाज पार बसला होता. शेजारून कौसल्या चालत होती. तिने सहज मागे पाहिलं आणि पदर तोंडात कोंबला.

"अंबिके, जरा मागं बघ. तुझा येगळाच मोर्चा निघालाय."

मागे दहा-बारा कबुतरं होती आणि कुठल्याशा चाळीतली एक कोंबडी. अंबिकेच्या पावलामागून राळ्याचे बारीक पिवळे दाणे टिपत, माना हलवत ती मंडळी मोठ्या शिस्तीत येत होती. तेवढी शिस्त पुढच्या बायकांतही नव्हती.

अंबिकेने छाती गच्च धरली आणि दोघी रस्त्याकडेच्या पायरीवर जाऊन बसल्या. चोळीच्या आतल्या उशीची शिवण उसवली होती. कौसल्येने पदराचा आडोसा करून तिला कशीबशी गाठ मारली. "ऱ्हाऊ दे की सांडलेलं. कबुतरांनाबी मुंबई पायजेल आसंल," ती म्हणाली, आणि दोघी अशा हसल्या की झेंडा घेतलेली एक बाई त्यांच्यावर डोळे वटारून गेली.

या उशीची हकीकत अशी. वर्षापूर्वी परळच्या इस्पितळात अंबिकेचा डावा स्तन काढला होता. चाळीतल्या बायका तिला भेटायला येत, चांगलं बोलत, पण त्यांची नजर काही तोंडावर ठरत नसे. तिने चोळीत कापूस भरून पाहिला. कापसाला वजन नाही. चार पावलं चाललं की तो गळ्याशी येऊन बसायचा. मग एकदा शेजारच्या बाळंतिणीच्या पोराखालची उशी सारखी करताना तिला सुचलं. तान्ह्या मुलाचं डोकं गोल व्हावं म्हणून राळ्यांची उशी करतात, आणि त्या चाळीतल्या अशा सगळ्या उशा अंबिकेच्याच हातच्या होत्या. एकीचं मूल मोठं झालं की उशी पुढच्या बाळंतिणीकडे जायची, खोळ तेवढी नवी घालायची. अंबिकेने ती उशी तळहातावर तोलली, दुसऱ्या बाजूचा अंदाज घेतला, आणि त्याच दुपारी सुईदोरा घेऊन बसली. दुसऱ्या दिवशी नळावर एकाही बाईची नजर घसरली नाही. अंबिका इतकी सुखावली की भरलेली कळशी ओतून तिने पुन्हा भरली.

पण दुखणं तेवढ्यावर थांबलं नाही. दिवाळीत कंबर धरली, आणि फोटो काढल्यावर कळलं की आजार हाडात उतरला आहे. डॉक्टरीणबाईंनी आडपडदा ठेवला नाही. "हा मुळापासून जायचा नाही, अंबिकाबाई. पण थोपवून धरता येईल. दर मंगळवारी विजेचा शेक घ्यायला या."

मंगळवारी शेकाच्या खोलीबाहेर एक लांब बाक असे आणि त्यावर नंबर लावलेल्या बायका. तिथेच वरळीच्या बीडीडी चाळीतली कौसल्या भेटली. दोघींचा आजार एक, बाजूही डावीच. कौसल्येच्या घरच्यांनी आदल्याच वर्षी बुद्धाचा धर्म घेतला होता. पहिल्या मंगळवारी तिने पुढे केलेला पाण्याचा पेला घ्यायला अंबिकेने अंमळ वेळ लावला. दुसऱ्या मंगळवारी तिने तो आपणहून मागितला. तिसऱ्या मंगळवारी कौसल्येने तिला कोपऱ्यात ओढलं, "तुझं समदं सारखं कसं दिसतं गं?" म्हणून विचारलं, आणि चौथ्या मंगळवारी कौसल्येला निळ्या खोळीची उशी मिळाली. निळा रंग तिने मुद्दाम मागून घेतला होता. फेब्रुवारी उजाडेपर्यंत त्या बाकावर अंबिकेच्या हातच्या सात उशा झाल्या होत्या, आणि बाक इतका गप्पिष्ट झाला होता की कंपाउंडर दर घटकेला बाहेर येऊन ओरडायचा.

मोर्चाच्या दिवशी अंबिका घरी आली ती कबुतरांची गोष्ट नवऱ्याला कधी सांगते असं होऊन. गुणाजी भिंतीला टेकून बसला होता. गिरणीत तो साचे, म्हणजे माग, चालवायचा. त्या गडगडाटात जन्म गेल्याने त्याचं साधं बोलणंसुद्धा तीन खोल्यांना ऐकू जाई. पण दिवाळीपासून तो घरात हळू बोलायला लागला होता, प्रेत ठेवलेल्या घरात बोलतात तसा. अंबिकेला तो आवाज दुखण्यापेक्षा जास्त बोचायचा.

"शुक्रवारची बोट आसा," तो म्हणाला. "दोन तिकिटा काढलंय. तुका गावाक सोडून येतंय."

अंबिका चूल पेटवायची थांबली. "आणि थंय शेक कोण देतलो?"

"शेकान आता काय होतला? डाक्तर काय बोलली ता तू पण आयकलंस. थंय वयनी आसा, ती तुझा सगळा करतली. हय मी पाळयेक गेलंय काय तू एकटी."

गावाला नेणं म्हणजे काय, हे त्या चाळीत कुणाला समजावून सांगावं लागत नसे. दुखणाईत माणूस वळकटी घेऊन बोटीत बसायचं, दीड-दोन महिन्यांनी कार्ड यायचं. खालच्या मजल्यावरचा दत्ताराम असाच गेला, तिसऱ्या खोलीतली कमळाबाई अशीच गेली. गुणाजीच्या मनात दुष्टावा नव्हता. बायकोला आपल्या माणसांत मरण यावं एवढंच त्याला कळत होतं. अंबिकेला मरायची घाई नव्हती.

"मंगळवारी माझो शेक आसा," ती म्हणाली. "तो घेवन मगे काय ता बघूया. आणि तुमी माझ्या वांगडा येवा. इस्पितळातले कागद तुमकाच घेवचे लागतले."

कबुतरांची गोष्ट त्या दिवशी राहूनच गेली.

मंगळवारी गुणाजीने खाडा केला. कागद मिळेपर्यंत कंपाउंडरने त्याला बाकासमोरच्या खिडकीशी उभं केलं. इतके दिवस अंबिका एकटीच येत असे, त्याने हा व्हरांडा कधी पाहिला नव्हता. कण्हण्या-विव्हळण्याचा आवाज असेल म्हणून तो मनाची तयारी करून आला होता. इथे तर बायका कुणाच्या तरी सासूची नक्कल करत होत्या.

बाकाच्या टोकाला गिरगावची बकुळा बसली होती. जेमतेम तिशीची, पहिल्यांदाच आलेली. अंगभर पदर लपेटून तिने मान छातीत घातली होती. अंबिका तिच्याजवळ सरकली आणि पिशवीतून एक उशी काढून तिच्या ओंजळीत ठेवली.

"बघ तरी हातात धरून. जड वाटते?"

"नाही हो."

"मग घाल आत. मी आडोसा धरते. इथं सगळ्या एकाच गावच्या, लाजायचं नाही."

कौसल्येने दुसरीकडून पदर धरला. गुणाजीने घाईघाईने खिडकीबाहेर तोंड फिरवलं. पुन्हा वळून पाहिलं तेव्हा बकुळा ताठ बसली होती. ती एकदा आपल्या छातीकडे बघे, एकदा अंबिकेकडे.

"हे फुटणार नाही ना, ताई?" तिने हळूच विचारलं.

"फुटलं तर कबुतरं येतील," अंबिका म्हणाली, आणि कौसल्येने मोर्चाची सगळी कथा कोंबडीसकट उभी राहून सांगितली. बकुळा आधी ओठ दाबून हसली, मग तिचे डोळे भरले, मग ती पुन्हा हसली. अंबिका तर खदखदून हसत होती, कमरेला हात लावून, दुखतंय दुखतंय म्हणत. गुणाजी बघतच राहिला. हे हसणं त्याच्या घरातून कधी गेलं होतं, त्याला आठवेना. ते दर मंगळवारी इथे येत होतं, आणि तो शुक्रवारच्या बोटीची तिकिटं खिशात घेऊन उभा होता. त्याला स्वतःची लाज वाटली.

कौसल्या त्याच्यापुढे येऊन उभी राहिली. "भावजी, हिला न्हेताय म्हणं गावाला?"

गुणाजीचा हात खिशातल्या तिकिटांकडे गेला.

"न्ह्या. तुमची बायकू हाय. पर मंगळवारी ही न्हाई आली तर मी बी येनार न्हाई, सांगून ठिवते. मी त्या शेकासाठी येती व्हय इथं?"

तेवढ्यात डॉक्टरीणबाईंनी त्याला आत बोलावलं. कागद तयार होते. गुणाजीने ते हातात घेतले नाहीत. "बाई, हिका... हिला किती दिवस हायत?" असं त्याने विचारलं, आणि त्याचा गिरणीतला आवाज नकळत परत आला. बाहेरच्या सगळ्या बाकाला तो ऐकू गेला.

"ते मला सांगता येणार नाही," त्या म्हणाल्या. "पण शेक लागू पडतोय. येत राहिल्या तर हिंडत्या-फिरत्या राहतील. तिकडे नेलंत तर ते कोण बघणार?"

घरी आल्यावर गुणाजीने फळीवरून पोस्टकार्ड काढलं आणि गावच्या भावाला, कुशाबाला, लिहायला बसला. अंबिका पाठमोरी तांदूळ निवडत होती. बोटीचा दिवस कळवतायत, असं तिने धरून चाललं होतं आणि वर पाहायचं नाही असं ठरवलं होतं.

"राळे किती लागतले?" गुणाजीने विचारलं. आवाज पलीकडच्या दोन खोल्यांपर्यंत गेला.

अंबिकेचा हात सुपात थांबला. "कसले राळे?"

"एका उशयेक किती लागतत? कुशाबाक लिवतंय. पायलीभर पुरे?"

"पायलीभर कित्याक? इतक्यो बायको खंय आसत?"

"येतल्यो," तो म्हणाला, आणि मग आपण हे काय बोलून गेलो म्हणून ओशाळला. अंबिका मात्र हसली. "लिवा पायली," ती म्हणाली.

तिकिटं परत गेली, राळ्यांची गोणी बोटीने आली. आणखी एक झालं. साच्यावर तुटलेला धागा गुणाजी ज्या गाठीने जोडायचा, त्या गाठीने तो नव्या-जुन्या सगळ्या उशांच्या शिवणी बंद करायला लागला. अंबिकेचा डावा हात सुजायचा, तिला कापड घट्ट धरवत नसे. पहिली पाळी असली की मंगळवारी सुटल्यावर तो तडक इस्पितळात येई आणि बाकाच्या टोकाला मान खाली घालून गाठी मारत बसे. त्यानंतर एकही उशी उसवली नाही. बायका त्याच्यासमोरच सासवांच्या नकला करायला लागल्या.

कौसल्या मुंबई महाराष्ट्राला मिळाल्याशिवाय मरणार नव्हती. तसं तिने डॉक्टरीणबाईंनाच बजावलं होतं. मिळाल्यावरही ती लगेच मेली नाही. साठच्या मे महिन्यात नवऱ्याच्या, भिवाच्या, खांद्याला धरून तिने सगळी रोषणाई पाहिली, पुढच्या मंगळवारी बाकावर येऊन दिवा न् दिवा वर्णन करून सांगितला, आणि जूनच्या अखेरीला गेली.

त्यानंतरच्या मंगळवारी भिवा इस्पितळात आला. त्याने बाकावर निळी उशी ठेवली.

"तिनं सांगितलं हुतं, अंबिकेला दे म्हणून. खोळ बदल म्हनावं आन् फुडच्या बाईला घाल."

तो फार थांबला नाही. त्या दिवशी एक नवी बाई आली होती. लहानखुरी, घोडपदेवची, भिंतीकडे तोंड करून बसलेली. तिच्याजवळ आता बकुळा सरकली होती आणि हलक्या आवाजात तिला काहीबाही सांगत होती. अंबिकेने निळी शिवण सोडवली. गुणाजीची गाठ होती, सहज सुटली नाही. राळे मांडीवरच्या फडक्यात ओतले, नव्या खोळीत भरले, तोलून पाहिले. बाई लहान चणीची म्हणून मूठभर उरले. निळी खोळ तिने घडी करून कमरेला खोचली.

गुणाजीने शिवण बंद केली आणि उरलेली मूठ पिशवीत टाकायला हात पुढे केला.

"ते नको," अंबिका म्हणाली.

कंबर धरून ती उठली, व्हरांडा ओलांडून पायऱ्यांपर्यंत गेली, आणि मूठ उघडली. एक कबुतर उतरलं, मग दुसरं, मग चार-पाच. कंपाउंडरने आतून तिचा नंबर पुकारला. "येत्येय," अंबिका म्हणाली, आणि शेवटचा दाणा टिपून होईपर्यंत तिथेच उभी राहिली.